दुसऱ्या वेळी तरी अंगावर पाजायला जमेल का?

विट्याची सून: आठवा महिना चालूय. मोठीच्या वेळी सिझर, दूध उशिरा उतरलं, निपलला चिरा पडल्या आणि तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी वाटी-चमच्याने पावडरचं सुरू केलं ते कायमचंच. आत्तापासून काय करू?

मिरजकरीण: अगं बाळ नुसतं बोंड धरतं म्हणून चिरा पडतात, भोवतीचा काळा भागपण तोंडात गेला पाहिजे. मला सिस्टरने बाळाची हनुवटी टेकवून दाखवलं, दोन मिनिटांचं काम! सिझर झालं तरी पहिल्या तासात छातीशी द्या म्हणून डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेव.

कृष्णाकाठ: अळीवाचे लाडू खा, पण भिस्त त्यावर नको, दिवसरात्र मिळून ८-१२ वेळा पाजलं तरच दूध वाढतं. पहिले दोन-तीन दिवस चीकच येतो, चमचाभर, तेवढा पुरतो.

विट्याची सून: आणि टाके?

मिरजकरीण: काखेत धरून पाज, पोटावर भार येत नाही.