सीमा वेगळी, व्यापार वेगळा? मला नाही पटत

सातारी_पाऊल: काल इथे एकाने लिहिलं, "गलवान किती दिवस उगाळणार? सीमा सीमेच्या जागी, व्यापार व्यापाराच्या जागी." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर. राजीव गांधी 1988 मध्ये बीजिंगला जाऊन आले, तेव्हापासून आपण हेच करत आलो. 1996 च्या भारत-चीन करारात ताबारेषेपासून 2 किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही असं ठरलं. 15 जून 2020 च्या रात्री गलवानमध्ये आपल्या पोरांनी गोळी चालवली नाही, आणि 20 जण गेले. चीनने 2011 च्या श्वेतपत्रिकेत स्वतःचं 'मूळ हित' लिहून ठेवलंय: सार्वभौमत्व, भूभाग, राज्यव्यवस्था आणि त्याच यादीत आर्थिक विकासही. त्यांचं गाठोडं एकच. ते सोडून दोन पिशव्या आपणच करतो.

भोसरी_लेथ: ते लिहिणारा मीच. माझ्या शेडमध्ये चौदा माणसं आहेत. चिनी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं कातकामाचं मशीन, बंद पडलं; गलवाननंतर त्यांच्या तंत्रज्ञाला व्हिसा मिळेना. तीन महिने मशीनवर ताडपत्री. पगारासाठी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. पूर्व लडाखमधल्या देपसांगच्या गस्तीचा समझोता ऑक्टोबर 2024 ला झाला. तोवर आम्ही काय खायचं होतं?

जुना_फिटर: चिनी मशीन घेतलंच कशाला? आमच्या वडिलांनी एचएमटीच्या लेथवर तीस वर्षं काढली.

भोसरी_लेथ: काका, त्या लेथवर आजचं टॉलरन्स, म्हणजे मापातली अचूकता, निघत नाही. मीही आधी देशीच बघितलं होतं. किंमत ऐकून बँकेचा माणूस उठून गेला.

जुना_फिटर: किंमत, किंमत! अशानेच टूलरूम बंद पडल्या. आयटीआयची पोरं आज डिलिव्हरीच्या बॅगा पाठीला लावून फिरतात. 2024-25 मध्ये चीनशी व्यापारातली तूट 99 अब्ज डॉलरवर गेली, ती असल्याच हिशेबांनी.

भोसरी_लेथ: माझ्या एका मशीनने? तोंड सांभाळून बोला.

सातारी_पाऊल: मशीनवरून भांडू नका, मुद्दा राहतोय. माझा धाकटा भाऊ गलवाननंतरच्या हिवाळ्यात पूर्व लडाखला होता. फोन लागला की एकच, "दादा, लोकरी मोजे पाठव." त्याला कुणी 'सीमा सीमेच्या जागी' समजावू नये. आणि एप्रिल 2025 मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या, म्हणजे गाड्यांच्या मोटारींत लागणाऱ्या जोरदार चुंबकांच्या, निर्यातीवर परवाने लावले तेव्हा सीमेवर शांतताच होती. व्यापार वेगळा असता तर मॅग्नेट का अडले?

भोसरी_लेथ: मॅग्नेटचं मान्य करावं लागेल. ते अडले तेव्हा चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यातून फोन आला, "पुढची ऑर्डर थांबवा." भावाला नमस्कार सांगा. पण गाठोडं एकच म्हणता ना, मग त्यात माझी शेडही धरा. चिनी तंत्रज्ञाचा व्हिसा अडवायचा तर ते मशीन दुरुस्त करणारा माणूस आधी इथे तयार करा. चौदा घरांची चूल त्यावर आहे.