कोबीवरची अळी तीन औषधं मारूनही हटंना, काय करू?

कडोलीचा शेतकरी: नमस्कार मंडळी. आमचा २० गुंठे कोबी आहे, तरू लावून ५५ दिवस झाले. गड्डा भरायला लागलाय आणि पानांची चाळण झालीय. बारीक हिरवी अळी, बोट लावलं की धाग्याला लोंबकळते. पंधरा दिवसांत तीन वेगवेगळी औषधं मारली. पहिल्यानं थोडा फरक पडला, नंतर काहीच नाही. दुकानदार म्हणाला, डोस वाढवा. काल बाबांनी पंपाला एक टोपण भरून टाकलं, तोंडाला फडकंसुद्धा नव्हतं. रात्रभर तोंडाची आग आणि डोकं धरून बसले. डब्यावरचं बारीक कन्नड आम्हाला वाचता येत नाही. दहा-बारा दिवसांत माल बेळगावला न्यायचाय. घाबरून लिहितोय.

उचगावहून: आमच्यातबी हेच हाय. दोन औषधं एकत्र करून बघा.

बेळगुंदीचे अण्णा: एकत्र करू नका, आणि डोसही वाढवू नका. मी तीस वर्षं कोबी-फ्लॉवर करतोय, ही चूक मी स्वतः केलीय. तुमची अळी चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची. एकच औषध सारखं मारलं की ती त्याला सरावते; १९५३ सालीच जावा बेटावर ती डीडीटी या कीटकनाशकाला दाद देईनाशी झाली होती.

तीन डबे समोर ठेवा. मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखालचं बारीक नाव, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं, वाचा, ते इंग्रजीतही असतं. नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नव्हे. क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ टक्के किती नावांनी विकतात बघा! कोबीला ते हेक्टरी ५० मिली पुरतं. म्हणजे तुमच्या २० गुंठ्यांना मिळून १० मिली, १५ लिटरच्या पंपाला दीड मिली. टोपण कशाला? दवाखान्यातली सुई नसलेली सिरिंज आणा आणि त्यानं मोजा.

आता गट बदला, म्हणजे अळीला वेगळ्या तऱ्हेनं मारणारं औषध घ्या. स्पिनोसॅड किंवा बीटी जिवाणूचं औषध घ्या. स्पिनोसॅड मारल्यावर तीन दिवस तोडणी नाही. कोबीचं पान मेणचट असतं, पाणी घसरतं, म्हणून औषध पानाला चिकटवणारं स्टिकर पंपात घाला आणि नोझल खालून वर धरा, अळी पानाच्या पाठीला असते. जाळीत बसलेल्या कोषाला औषध लागत नाही, म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा पान उलटून बघा.

पुढच्या हंगामाला कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी घाला. एक कोबीच्या १५ दिवस आधी, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर अंडी घालतो, औषध तेवढ्यावरच मारायचं. माझा शेजारी हसला होता, आता त्याच्या बांधावरही मोहरी दिसते.

खानापूरची ताई: अळी नंतर, आधी बाबांना बघा! साबणानं अंघोळ घाला, कपडे वेगळे धुवा आणि डबा बरोबर घेऊन डॉक्टरकडं जा. औषधाचं नाव कळलं तरच त्यांना इलाज ठरवता येतो. डब्यावर त्रिकोण असतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर कळलं नाही तरी रंग कळतो. मोनोक्रोटोफॉस कुणी दिलं तर घेऊ नका, भाजीपाल्यावर त्याला २००५ पासून बंदी आहे.

कडोलीचा शेतकरी: ताई, बाबांना सकाळीच नेलं. डॉक्टरांनी डबा बघूनच औषध दिलं, आग कमी आहे, पण आठवडाभर शेतात पाठवू नका म्हणाले.

अण्णा, शेजारचा पोरगा कन्नड शाळेत जातो, त्याला बोलावून तिन्ही डबे वाचून घेतले. पहिलं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल. दुसरं तेच, वेगळ्या नावानं. तिसऱ्यात लॅम्डा-सायहॅलोथ्रिनबरोबर पुन्हा तेच. तीन वेळा पैसे मोजून मी एकच औषध मारत होतो. सिरिंज आणलीय. स्पिनोसॅड उद्या संध्याकाळी मी स्वतः मारतो, फडकं बांधून, वाऱ्याकडं पाठ करून. मोहरीचं बी कुठं मिळेल तेवढं सांगा.

बेळगुंदीचे अण्णा: वाण्याकडची फोडणीची मोहरी चालते. पाव किलो आणा.