झिर्कोनियाची कॅप: मजबुती भट्टीत येते आणि घासताना जाते
दातावर बसवायच्या झिर्कोनियाच्या (पांढऱ्या, कडक सिरॅमिकच्या) कॅपबद्दल 'झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनिया, लॅब कुठलीही असो, कॅप तुटत नाही' असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत डेंटल लॅबमध्ये काम करतो. मशीनवर कापताना झिर्कोनियाचा ठोकळा खडूसारखा मऊ असतो. कॅप मुद्दाम २०-२५ टक्के मोठी कापायची, मग सुमारे १५०० अंश सेल्सिअसला भाजली की ती आकसून मापात येते आणि तेव्हाच तिला खरी ताकद मिळते. उद्यमनगरात ओतकामाचे पॅटर्न (नमुने) बनवणारे आमचे मामा हे ऐकून थक्क झाले. बिडाच्या ओतकामात ते आकसण्यासाठी जेमतेम एक टक्का धरतात.

पण भट्टी नीट असूनही कॅप जाते. माझ्या आईची दाढेची कॅप वर्षभरात तडकली. बसवताना उंच लागते म्हणून ती कोरड्या बरने (घासायच्या फिरत्या टोकाने) भरपूर घासली होती आणि पॉलिश न करता तशीच चिकटवली. पाण्याशिवाय जोरात घासलं की पृष्ठभाग तापून बारीक चिरा पडतात, रोज चावताना त्या आत वाढत जातात. त्यामुळे कॅप उंच वाटली तर पाणी मारत, हलक्या हाताने घासायला आणि नंतर पॉलिश करायला डॉक्टरांना जरूर सांगा. फार घासावी लागणार असेल तर सरळ लॅबकडे परत पाठवा, आम्ही नवीन करून देतो.