रोटाच्या थेंबानं आतड्यात आतडं अडकतं का? पुढचा डोस द्यावा का नाही

गेवराईची_सून

नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी शुक्रवारी अडीच महिन्याची होईल. दीड महिन्याचे डोस झालेत, मांडीत इंजेक्शनं आणि तोंडात थेंब, रात्री ताप आला, सिस्टरनी दिलेलं औषध पाजलं, दुसऱ्या दिवशी दुपारी हसायला लागली. माझा प्रश्न तापाचा नाहीच.

माझ्या जावेचं पोरगं ५ महिन्याचं आहे. मागच्या महिन्यात एका दिवशी सकाळपासून कळवळून रडायला लागलं, पाय पोटाशी घ्यायचं, दहा मिनिटं रडायचं मग एकदम गळून पडायचं, परत थोड्या वेळानं तेच. आम्हाला वाटलं पोटात वात धरला, सासूबाईंनी बेंबीला हिंग लावला. संध्याकाळी हिरवी उलटी झाली आणि लंगोटात लाल शेंबडासारखं दिसलं तेव्हा सगळ्यांचे हातपाय गळाले. बीडला सोनोग्राफी केली, तिथून रातोरात संभाजीनगरला, ऑपरेशन झालं. आतड्यात आतडं शिरलं होतं म्हणे. लेकरू आता बरंय, देवाची कृपा.

घरी आल्यावर कुणीतरी मोबाईलमधे दाखवलं की रोटाच्या, म्हणजे जुलाबावरच्या लसीच्या थेंबानं असंच होतं आणि अमेरिकेत ती लस बंद करावी लागली होती. तेव्हापासून सासूबाई म्हणायलेत, माझ्या नातीला एक थेंब द्यायचा नाही. मला त्यांचा राग येत नाही, त्यांनी ते लेकरू मांडीवर घेऊन रात्र काढलीय. पण मला खरं काय ते पाहिजे. "काही होत नाही, घाबरू नका" हे उत्तर नको, ते सगळेच देतात.

एएनएम_जिंतूर

ताई, मी १४ वर्षं उपकेंद्रावर लस देते. आधी एक विचारते, जावेच्या पोराचं कळवलं का कुणाला? म्हणजे तुमच्या सिस्टरला, आशाताईला, पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला? लसीनंतर लेकराला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर ते लसीमुळं झालं का नाही हे आपण ठरवायचं नसतं, आधी कळवायचं असतं. डॉक्टर फॉर्म भरतात, जिल्ह्याला जातो, तिथं समिती कागद बघते. लोकांना वाटतं सिस्टरवर बालंट येईल म्हणून सांगत नाहीत, आणि खरं सांगते आमच्यातल्या पण काही जणी भीतीपोटी लिहीत नाहीत. तेच चुकतं. लिहिलंच नाही तर कळणार कसं कुणाला?

आणि जावेला सांगा, त्या पोराला आता रोटाचे थेंब परत कधीच द्यायचे नाहीत, एकदा आतडं अडकलेल्या लेकराला देत नाहीत. पण बाकीच्या लसी थांबवू नका हो, ९ महिन्याला गोवर रुबेलाची चुकवू नका.

पीएसएम_लातूर

मी मेडिकल कॉलेजला पीएसएम विभागात, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या विभागात आहे, जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

मोबाईलमधलं अर्धं खरं आहे आणि ते आधी मान्य केलं पाहिजे. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मधे रोटाशील्ड नावाची लस आली, पुढच्या जुलैपर्यंत आतडं अडकल्याचे १५ रिपोर्ट जमा झाले आणि तेवढ्यावर तिथल्या सरकारनं लस थांबवायला सांगितलं, ऑक्टोबर १९९९ ला कंपनीनं ती मागे घेतली. नंतर हिशोब केला तेव्हा धोका साधारण १० हजार लेकरांत १ एवढा निघाला. ती लस आपल्याकडं दिली जात नाही, आपल्याकडची वेगळी आहे. त्यानंतर आलेल्या दोन विदेशी लसी तर प्रत्येकी ६० हजारांवर लेकरांमधे तपासूनच बाजारात आणल्या, तरीही पुढं अमेरिका, ऑस्ट्रेलियात लाखात १ ते ६ एवढी वाढ दिसली. ती त्यांनी लपवली नाही, छापली आणि लस चालू ठेवली, कारण जुलाबानं दवाखान्यात भरती होणारी लेकरं त्याच्या कितीतरी पट जास्त होती.

आता आपल्या लेकरांचं काय? इथं डॉ. गगनदीप कांग यांनी वेल्लोरच्या सीएमसी या मेडिकल कॉलेजात असताना केलेलं काम सांगायलाच पाहिजे. कितीतरी वर्षं त्या लहान लेकरांच्या जुलाबावर आणि रोटाव्हायरसवर काम करत आल्यात, २०१९ ला लंडनच्या रॉयल सोसायटीच्या फेलो झाल्या, तो मान मिळालेल्या पहिल्या भारतीय महिला. २०१६ ला हिमाचल, हरियाणा, ओडिशा, आंध्र अशा काही राज्यांत सरकारी रोटाची लस सुरू झाली तेव्हाच त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २७ दवाखान्यांमधे आतडं अडकलेल्या लेकरांची नोंद ठेवायला सुरुवात केली. कुणी तक्रार करायची वाट बघितली नाही, लस सुरू तशी नोंद सुरू.

पद्धत समजून घ्या, मला ती फार आवडते. लस घेतलेल्या लेकरांची न घेतलेल्यांशी तुलना केली तर घोळ होतो, कारण न घेतलेलं लेकरू कुठं ऊसतोडीला गेलेलं असतं, कुठं दवाखाना लांब असतो, घरच वेगळं असतं. म्हणून इथं लेकराची तुलना त्याच्याशीच करतात. प्रत्येकाचं कार्ड घ्यायचं, डोसची तारीख बघायची, आतडं अडकल्याची तारीख बघायची. डोसनंतरचे पहिले २१ दिवस वेगळे काढायचे आणि बाकीचे दिवस वेगळे. लसीचा हात असेल तर त्या २१ दिवसांत केसेसची गर्दी दिसली पाहिजे, रोटाशील्डला ती दिसली होती, विशेषतः पहिल्या डोसनंतर. इथं ५८९ लेकरांचा हिशोब झाला आणि कुठल्याच डोसनंतर अशी गर्दी दिसली नाही. २०२० ला ते छापून आलं.

मग जावेच्या पोराला का झालं? हा आजार लस नव्हती तेव्हाही होता आणि तो साधारण ४ ते १० महिन्याच्या वयातच जास्त दिसतो. आपले डोस संपतात साडेतीन महिन्याला. म्हणजे कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडणारच. पण नुसतं तसं म्हणून मोकळं होणं मला पटत नाही, म्हणून तर मोजावं लागतं.

ताई, त्या पोराचं कार्ड घरात आहे का? शेवटचा डोस कधीचा आणि रडायला लागलं तो दिवस कुठला, तेवढं बघा.

गेवराईची_सून

बघितलं. कार्ड जावेच्या पेटीत साड्यांखाली प्लास्टिकच्या पिशवीत होतं, कोपऱ्याला हळद लागलेली. तिसरा डोस सिस्टरनी निळ्या पेनानं लिहिलाय, आणि संभाजीनगरच्या डिस्चार्ज कार्डावर भरती केल्याची तारीख आहे. बोटावर मोजले, ४४ दिवस होतात. सासूबाईंसमोरच मोजले. त्या म्हणाल्या परत मोज. परत मोजले तरी ४४ च.

पीएसएम_लातूर

म्हणजे २१ दिवसांच्या बराच बाहेर. पण एका लेकरावरून मी काहीच ठरवणार नाही, तुम्ही पण ठरवू नका, दोन्ही कागदांचे फोटो काढून पीएचसीत द्या. एएनएम ताई म्हणतात तेच बरोबर.

औंढ्याचा_शेतकरी

मला एक विचारायचंय डॉक्टर. मी वाचलं की आपली भारतीय रोटाची लस निम्म्याच लेकरांना लागू पडते. मग निम्म्यासाठी एवढा खटाटोप कशाला? उलटं बोलतोय असं समजू नका, माझी पण नात आहे.

पीएसएम_लातूर

प्रश्न बरोबर आहे दादा. रोटाव्हॅक म्हणजे तुम्ही म्हणता ती भारतीय लस, तिची मोठी चाचणी दिल्ली, पुणे, वेल्लोर इथं ६७९९ लेकरांवर झाली, २०१४ ला छापली, रोटाच्या जबर जुलाबापासून पहिल्या वर्षात साधारण ५५ टक्के संरक्षण. त्याचं कारणही कांग बाईंच्या कामातच सापडतं. वेल्लोरच्या गरीब वस्त्यांमधे ३७३ लेकरांवर त्यांच्या टीमनं जन्मापासून ३ वर्षं नजर ठेवली, घरोघर जाऊन, शी सुद्धा तपासली. मेक्सिकोत आधी असाच अभ्यास झाला होता, तिथं रोटा २ वेळा होऊन गेला की लेकराला परत जोराचा होतच नव्हता. वेल्लोरला ३ वेळा होऊन गेला तरी संरक्षण ७९ टक्केच. म्हणजे खरा आजार होऊनही आपल्याकडच्या लेकराला पुरतं कवच मिळत नाही, तर लसीकडून शंभर टक्क्याची अपेक्षा कशी करायची? पण तुमच्या पीएचसीत रोटाच्या जबर जुलाबानं १० लेकरं येणार असतील आणि त्यातली ५ आलीच नाहीत तर ती ५ घरं काय म्हणतील ते विचारा.

उदगीरचा_बाप

त्या पाचातलं एक घर माझं धरा. मी ऊसतोडीला सांगलीकडं गेलतो, पोरगी ८ महिन्याची, लस नव्हती दिलेली कारण दिवाळी झाली की आम्ही कोपीवर आन कार्ड राहिलं गावात. थंडीत जुलाब लागले, पाण्यासारखे, सोबत उलट्या. सकाळी खेळत होती, दुपारी डोळे खोल गेले, टाळूवर हात ठेवला तर खड्डा लागला हाताला. रडली तर डोळ्यात पाणी नाही. ट्रॅक्टरच्या हेडवर बसून दवाखान्यात नेलं, शीर सापडत नव्हती, चौथ्या वेळी लागली. दोन दिवस सलाईन. वाचली. डॉक्टरनं ओआरएसच्या पुड्या आन १४ दिवस झिंक दिलं, ते अर्ध्यात सोडू नका म्हणला.

लसीनं ते टळलंच असतं असं मी म्हणत नाही. पण आता धाकट्याचं कार्ड मी खिशात घेऊन फिरतो आन कारखान्यावर बी डोस घेतो, कुठल्या बी गावची सिस्टर देते, नाही म्हणत नाही कुणी.

एएनएम_जिंतूर

गेवराईच्या ताई, अजून एक लक्षात ठेवा, डोस घेतला काय न घेतला काय हे प्रत्येक आईला माहीत पाहिजे. लेकरू थांबून थांबून कळवळून रडतंय, पाय पोटाशी घेतंय, हिरवी उलटी, शीमधे रक्त आन शेंबूड, असं काहीही दिसलं की हिंग ओवा करत बसू नका, थेट सोनोग्राफी आहे तिथं जा. लवकर गेलं तर खालून हवा किंवा पाणी सोडून आतडं सरळ करता येतं, कितीतरी लेकरांना पोट उघडायची वेळच येत नाही. आणि डोसनंतर अर्धा तास उपकेंद्रातच बसा, घाई करून निघू नका.

गेवराईची_सून

सगळ्यांचे आभार. काल सासूबाईंना उदगीरच्या दादांचं वाचून दाखवलं, टाळूला खड्डा लागला तिथं त्यांनी थांबवलं. म्हणाल्या माझ्या थोरल्या पोरीचं असंच झालं होतं, तेव्हा सलाईन नव्हतं आमच्या गावात. माझ्या लेकीची ती आत्या मी कधी बघितलीच नाही, आमच्या घरात तिचं नाव पण कुणी काढत नाही.

दोन्ही कागदांचे फोटो आज सिस्टरना पाठवले, त्यांनी डॉक्टरांशी बोलून फॉर्म भरते म्हणाल्या. शुक्रवारी आमच्या अंगणवाडीत लसीकरण आहे. सासूबाई म्हणायलेत मी पण येते, अर्धा तास लेकरू माझ्याच मांडीवर ठेवायचं.