मॅग्ना कार्टा: कलम ३९ की २९? अर्जंट मदत हवी आहे

घाईतला_गणू
लोकहो, उद्या दुपारी वर्गात बोलायचंय, विषय आहे मॅग्ना कार्टा या सनदेमुळे इंग्लंडच्या राजाला कायद्याने कसा लगाम बसला, आणि माझी गाडी पहिल्याच स्लाइडला अडकलीय. स्वतंत्र माणसाला कायद्याशिवाय पकडता येणार नाही हे कलम सरांच्या नोट्समध्ये ३९ आहे आणि माझ्याकडच्या मजकुरात २९. शिवाय संमतीशिवाय कर नाही हे जे सगळे ठासून सांगतात ते कलम तर मला अख्ख्या मजकुरात दिसतच नाहीये. विकी वाच म्हणू नका, वाचलंय.

चष्मिष्ट
कुठल्या सालचा मजकूर वाचताय? ते आधी लिहा की.

घाईतला_गणू
साल काय, मॅग्ना कार्टा एकच ना? जॉन राजा, १२१५.

बखरबहाद्दर
एकच कुठली मालक. १२१५ च्या जूनमध्ये रनीमीडच्या कुरणात जॉनने शिक्का मारला आणि ऑगस्टमध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्द करून टाकली, मग यादवी पेटली, पुढच्या ऑक्टोबरात जॉन वारला, गादीवर ९ वर्षांचं पोर म्हणजे तिसरा हेन्री, कारभार विल्यम मार्शलच्या हातात. त्याने सरदारांना आपल्या बाजूला ओढायला १२१६ ला तीच सनद पुन्हा काढली पण टोचणारी कलमं वगळून. मग १२१७, मग १२२५. तुमचं करवालं कलम १२ आणि राजावर पाळत ठेवणाऱ्या २५ सरदारांचं कलम ६१, दोन्ही १२१६ लाच उडाली.

मुळावरचा_माणूस
सगळे १२१५ लाच का चिकटतात कळत नाही. पहिल्या हेन्रीने ११०० साली राज्याभिषेकाच्या वेळी सनद दिली होती, वारसा हक्काच्या नावाखाली सरदारांना लुबाडणार नाही वगैरे. जॉनविरुद्धच्या सरदारांनी तीच पुढे केली होती. सुरुवात तिथून करा.

बखरबहाद्दर
ती राजाने आपणहून दिलेली वचनं हो, आणि पाळली किती ते सोडाच. राजा चुकला तर त्याचे किल्ले जप्त करायची सोय कलम ६१ मध्ये होती, ११०० च्या सनदेत असलं काही आहे का?

मुळावरचा_माणूस
आणि ते कलम टिकलं किती, दोन महिने?

वकीलसाहेब_नागपूर
भारतीय घटनेचं कलम २१ बघा, आपण ‘ड्यू प्रोसेस’ (म्हणजे न्याय्य, रीतसर प्रक्रिया) न घेता कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती घेतली. ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द तिसऱ्या एडवर्डच्या १३५४ च्या कायद्यात येतात.

चष्मिष्ट
वकीलसाहेब, हे कोणी विचारलंय? गणू, मजकुराच्या डोक्यावर काय लिहिलंय ते सांगा.

घाईतला_गणू
पहिला एडवर्ड, १२९७. मला वाटलं ते छापणाऱ्याचं काहीतरी असेल.

चष्मिष्ट
मग झालं की. एडवर्डने १२९७ ला १२२५ चाच मजकूर कायम करून कायद्यात नोंदवला. त्यात जुनं ३९ आणि ४० एकत्र होऊन २९ झालं. सर बरोबर, तुम्हीही बरोबर.

रेडिंगची_माई
आम्ही सॅलिसबरीच्या कॅथेड्रलमध्ये १२१५ ची मूळ प्रत पाहिली, अशा चारच उरल्यात. अक्षर मुंगीएवढं, सलग लॅटिन, कलमांना आकडे मुळी नाहीतच, ते नंतरच्यांनी घातले. लंडन वॉटर्लूहून ट्रेनने दीडेक तास, नक्की जा.

घाईतला_गणू
माई, उद्या दुपारी बोलायचंय हो! कराचं काय करू, कलमच उडालं तर सांगू काय?

बखरबहाद्दर
उलट तीच तर खरी गंमत आहे. कलम १२ लढाईला न येणाऱ्या सरदारांकडून घ्यायच्या पैशाबद्दल होतं, म्हणजे स्कूटेज, जॉनने नॉर्मंडी परत घ्यायच्या नादात ते वारेमाप उकळलं होतं. कलम गेलं पण १२२५ ला हेन्रीला पैसा हवा होता, तेव्हा त्याने सनद पुन्हा दिली आणि बदल्यात जंगम मालमत्तेचा पंधरावा हिस्सा कर मिळवला. आधी तक्रार ऐका मग पैसे घ्या, ही सवय अशी लागली. पार्लमेंटचा रस्ता इथून जातो, स्लाइडवर हेच घ्या.

घाईतला_गणू
ओके, पण साल एकच टाकायचंय, सरांना गर्दी चालत नाही.

चष्मिष्ट
१२२५.

मुळावरचा_माणूस
११०० टाका, वर्गात कोणीच टाकलं नसेल.

रेडिंगची_माई
सॅलिसबरीला गेलात तर स्टोनहेंज जवळच आहे, एका दिवसात दोन्ही होतं. जेवण मात्र घरून न्या, तिकडे फार महाग.