रक्कम गोठवणं ही कपात नाही तर काय? ईपीएस-९५, केंद्राचे २०० रुपये आणि ६५ वर्षांची रेघ

भोसरीकर
सत्तेत कुणीही असो, ज्येष्ठांच्या पेन्शनला कात्री लावली का असं विचारलं की उत्तर ठरलेलं: एकही योजना बंद केलेली नाही. कागदोपत्री ते खरंही आहे. पण आकडा होता तिथेच ठेवला आणि भाव वाढत गेले, तर कपातीसाठी वेगळा जीआर काढावाच लागत नाही.

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा २००७ मध्ये महिना २०० रुपये होता, तो तसाच आहे. ८० वर्षं पूर्ण झाली की ५००. ईपीएस-९५ म्हणजे पीएफ असलेल्या कामगारांची १९९५ ची पेन्शन योजना; तिचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० झालं, त्यानंतर हललं नाही. त्याच वेळी पेन्शन मोजताना पगाराची सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची धरायचा नियम आला आणि सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालात तो कायम ठेवला. पेन्शनचा तिसरा हिस्सा आगाऊ एकरकमी घेण्याची सोय २००८ मध्येच गेली होती. रेल्वेत ६० वरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वरच्या महिलांना ५० टक्के सवलत होती, ती २० मार्च २०२० पासून बंद आहे. ही तर उघड कपात.

पिंपरी-चिंचवड आणि भोसरी एमआयडीसीत आयुष्य घालवलेल्या कामगारांची किमान पेन्शन ७,५०० रुपये अधिक महागाई भत्ता करा ही मागणी मला रास्त वाटते. विरोध असेल तर आकड्यांनिशी करा.

ताळेबंद
आकड्यांनिशीच करतो. ईपीएस हा वर्गणीतून उभा राहिलेला फंड आहे. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के तिकडे जातात, केंद्र १.१६ टक्के घालतं, आणि दोन्ही महिन्याच्या १५,००० पगाराच्या मर्यादेपर्यंतच. म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० अधिक १७४. सप्टेंबर २०१४ पूर्वी मर्यादा ६,५०० होती, तेव्हा मालकाकडून ५४१ रुपये जायचे.

आता सूत्र बघा: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. १५,००० गुणिले ३५ भागिले ७० केलं की येतात बरोबर ७,५००. म्हणजे ३५ वर्षं पूर्ण मर्यादेवर वर्गणी भरणाऱ्याला सूत्राने जे मिळेल, ते तुम्ही १० वर्षं भरणाऱ्याला किमान म्हणून मागताय. मग जास्त वर्षं भरायची कशाला? आणि हा फरक फंडातून निघणार नाही, करातून निघेल. कर भरणाऱ्यांत बांधकामावरचा मजूर आहे, घरकाम करणारी बाई आहे. त्यांना कुठलीच ईपीएस नाही, पण साबणावर जीएसटी तेही भरतात. सरकारकडे ज्येष्ठांसाठी जादा पैसा असेल तर पहिला हक्क त्या २०० रुपयांचा आहे, ईपीएसचा नंतर.

भोसरीकर
२०० चा हक्क आधी, हे मान्य. पण फंडाच्या सूत्रातून काय पदरात पडतं तेही मांडा. १ जानेवारी १९९६ ला लागलेला आणि ३१ डिसेंबर २०२० ला ५८ व्या वर्षी निवृत्त झालेला कामगार घ्या, पगार कायम मर्यादेच्या वर. ऑगस्ट २०१४ पर्यंतची १८ वर्षं ८ महिने ६,५०० वर मोजली जातात, त्याचे १,७३३. पुढची ६ वर्षं ४ महिने १५,००० वर, त्याचे १,३५७. एकूण ३,०९० च्या आसपास. २० वर्षांवर सेवा झाल्याबद्दल दोन वर्षं जास्त धरली तरी साडेतीन हजारांवर फारसं जात नाही. २५ वर्षं सलग भरून! ही रक्कम तो जिवंत असेपर्यंत तेवढीच, कारण ईपीएसला महागाई भत्ताच नाही. माघारी बायकोला त्याच्या निम्मं.

आता सरकारी बाजू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून असलेल्या युनिफाइड पेन्शन योजनेत १० वर्षं सेवेला किमान १०,००० आणि वर महागाई मदत. इकडे १० वर्षांना किमान १,०००. एकच देश, तेवढीच वर्षं, आणि दहापट फरक.

ताळेबंद
फरक वर्गणीत आहे. युनिफाइडमध्ये कर्मचारी मूळ पगार अधिक डीएवर १० टक्के भरतो आणि सरकार १८.५ टक्के, तेही १५,००० ची मर्यादा न लावता. ईपीएसमध्ये कामगाराच्या खिशातून पेन्शन खात्यात काहीच जात नाही, त्याचे १२ टक्के पूर्ण पीएफला जातात. तुलना करायची तर दोन्ही बाजू सांगा. माझ्या मते युनिफाइडचा बोजाही पुढे जड जाणार आहे, त्याचं माप लावून ईपीएस वाढवणं म्हणजे एका खड्ड्यासाठी दुसरा खणणं.

चाकण_शिफ्ट
वरचे दोघे सलग नोकरी धरून बोलताय. १,००० च्या किमानावर अडकतात ते वेगळेच लोक, आणि त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं, फॉर्म १०सी. ठेकेदार बदलला की कामगार पीएफ काढतो आणि सोबत पेन्शनचेही पैसे काढतो. १० वर्षांच्या आत ते काढले की तेवढी सेवा पुसली गेली. पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) घेतलं किंवा पुढच्या नोकरीत खातं ट्रान्सफर केलं, तर वर्षं जोडली जातात. ट्रान्सफर अडकतो तो बहुतेकदा जुन्या ठेकेदाराने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नसते म्हणून. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की ती तारीख सभासद स्वतः पीएफच्या पोर्टलवर 'मार्क एक्झिट'मध्ये भरू शकतो. हे शॉप फ्लोअरवर कुणी सांगत नाही.

दुसरं, व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन लवकर सुरू केलेलं पेन्शन. ५८ च्या आधी दर वर्षामागे ४ टक्के कमी. ५३ व्या वर्षी सुरू केलं तर जवळपास पाचवा हिस्सा कायमचा गेला, ५८ झाल्यावर तो परत येत नाही.

तिसरं, ६० महिन्यांची सरासरी. मर्यादेच्या वर पगार असलेल्याला तिने फरक पडत नाही. आठ-दहा हजारांवरून चढत जाणाऱ्याचं नुकसान होतं, कारण पाच वर्षांपूर्वीचा कमी पगारही सरासरीत येतो.

म्हणून सरसकट ७,५०० पेक्षा सेवेच्या वर्षांप्रमाणे किमान ठरवा: १० वर्षांना एक, १५ ला त्याहून जास्त, २० ला आणखी. ताळेबंद यांचा आक्षेपही त्यात बसतो.

शनिपार
पेन्शनवर सगळे तुटून पडलात, पण राज्याकडे कुणी बघेना. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांपुढे १,५०० मिळतात, केंद्राचे २०० लागू असतील तर ते धरून. पण त्याची उत्पन्न मर्यादा वर्षाला २१,००० आहे, म्हणजे महिना १,७५०. पुण्यात एवढ्या उत्पन्नाचा दाखला खरेपणाने कोण आणणार?

आणि आता शेजारी लाडकी बहीण ठेवा. तिथेही १,५००, पण कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वय २१ ते ६५. घरात वर्षाला दोन लाख येत असतील तर त्या बाईला ६५ पर्यंत १,५०० मिळतात. ६५ ओलांडले की ती या योजनेतून बाहेर, आणि श्रावणबाळची मर्यादा २१,००० म्हणून तिथेही दार बंद. हातपाय थकायला लागतात त्याच वर्षी पैसे थांबतात. याला कुणी कपात म्हणत नाही, पण महिन्याचे १,५०० गेले ते गेलेच. श्रावणबाळची मर्यादा अडीच लाखांवर नेली तरच ही फट बुजेल. सगळ्यात आधी हे व्हायला हवं, रेल्वेच्याही आधी.

ताळेबंद
शनिपार यांच्याशी शंभर टक्के सहमत. रेल्वेची जुनी सवलत एसी फर्स्टच्या प्रवाशालाही मिळायची, ती तशीच परत आणायला माझा ठाम विरोध. संसदेच्या स्थायी समितीने किमान स्लीपर आणि थर्ड एसीपुरती विचारात घ्या म्हटलं होतं, तेवढं समजू शकतो. राज्यात एसटीने ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट आणि ७५ वरच्यांना २०२२ पासून मोफत प्रवास दिलाच आहे. आणि आरोग्यात तर उलट वाढ झाली: ऑक्टोबर २०२४ पासून ७० वरच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदनाचं ५ लाखांचं संरक्षण. जुने आजारही पहिल्या दिवसापासून.

सिंहगड रोड
ते ५ लाख माणशी नाहीत, कुटुंबामागे आहेत. नवराबायको दोघं ७० वरची असतील तर दोघांत मिळून. सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असलेल्यांना दोन्हींतलं एक निवडावं लागतं.

पण खरी अडचण दाखल व्हायच्या अलीकडची आहे. बीपी, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या तपासण्या, गुडघ्याची फिजिओथेरपी, यातलं काही या कार्डावर होत नाही. किमान पेन्शनचे हजार रुपये औषधांच्या दुकानात संपतात ते याच खर्चात. दुसरं, रुग्णालय अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, आहे म्हणजे प्रत्येक उपचाराला अंगीकृत आहे असं नाही. हृदयासाठी असेल, हाडांसाठी नसेल. नातेवाईक बोर्ड बघून भरती करतात आणि मग पूर्वमंजुरी नाकारली की रोखीने बिल भरतात. भरतीआधी आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) टेबलावर जाऊन विचारा: हा उपचार या रुग्णालयात योजनेत आहे का, आणि पूर्वमंजुरी आली का? वर पैसे मागितले तर १४५५५ वर तक्रार करा.

दाखल झाल्यावरचे ५ लाख दाखवून महिन्याची औषधं विसरायला लावणं मला पटत नाही. पेन्शनधारकांच्या मागण्यांत मोफत वैद्यकीय सेवा आहे ती यासाठीच.

भोसरीकर
चाकण_शिफ्ट यांची पायऱ्यांची सूचना मला ७,५०० पेक्षा बरी वाटली, मी ती उचलतो. पण भत्त्याची मागणी सोडणार नाही. पायरी कितीही वर ठेवली आणि भत्ता नसेल, तर दहा वर्षांनी हाच धागा पुन्हा काढावा लागेल.

ताळेबंद
भत्ता कशाला बांधणार? केंद्राचा डीए औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो. तोच लावायचा तर केंद्राचे १.१६ टक्के किती करायचे ते सांगा, आणि मालकाचे ८.३३ वाढवायचे का तेही. एवढं लिहून द्या, मग मागणीवर सही करतो.

चाकण_शिफ्ट
मर्यादा १५,००० वरून २५,००० केली तर मालकाचा हिस्सा १,२५० वरून २,०८२ वर जातो आणि केंद्राचा १७४ वरून २९० वर. फक्त ते पैसे मालकाच्या त्याच १२ टक्क्यांतून वळतात, म्हणजे पूर्ण पगारावर पीएफ भरला जाणाऱ्या कामगाराच्या पीएफमध्ये दरमहा ८३२ पर्यंत कमी पडतील. तरुण कामगारांना हे आधी स्पष्ट सांगावं लागेल, नाहीतर गेटवर पहिला विरोध तेच करतील.