दादरचा बाजार रस्त्यावरच राहू द्या

पायपीट:

गेल्या शनिवारी पहाटे साडेचारला भाचीला घेऊन दादरच्या फुलबाजारात गेलो. ती लातूरची, मुंबईत पहिल्यांदाच आलेली. घरचे म्हणत होते, गेटवे दाखव, राणीची बाग दाखव. मी म्हटलं, आधी बाजार. सेनापती बापट मार्गावर अजून अंधार होता. टेम्पोतून झेंडूच्या गोणी धपाधप खाली येत होत्या आणि एका दिव्याखाली एक मावशी ओल्या फडक्यावर जव्हारकडचा मोगरा पसरून निवडत होत्या. मिटलेली कळी टोपलीत, उमललेली बाजूला. भाचीने विचारलं, उमललेली जास्त छान दिसते ना? मावशी हात न थांबवता म्हणाल्या, "आत्ता छान दिसते गं. गजरा संध्याकाळी माळायचा असतो."

तिथून लोकलने सीएसएमटी आणि मग पायी. क्रॉफर्ड मार्केट, मंगलदास मार्केट, लोहार चाळ, झवेरी बाजार, भुलेश्वर. एकीकडे कापडच कापड, थोडं पुढे वायरी आणि दिवे, मग सोनं, मग देवांची वस्त्रं नि मुकुट. धंद्याने धंद्याला ओढून आणून शेजारी बसवलंय, पिढ्यान् पिढ्या. हे शहर कशावर चालतं ते त्या पोरीला एका सकाळी कळलं.

आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी म्हणतं, दादरचे फेरीवाले उचला आणि इमारतीत नेऊन बसवा. माझा याला ठाम विरोध आहे. मुंबईत भाजी विकली जाते ती घरी निघालेल्या माणसाच्या वाटेवर. संध्याकाळी सातला लोकलमधून उतरलेली बाई पुलावरून खाली येते, मेथीची एक जुडी आणि पावशेर मिरच्या घेते आणि बस पकडते. मेथी दुसऱ्या मजल्यावर गेली की ती बाई वर चढणार नाही आणि विकणारी दिवसभर माशा मारत बसेल.

रानडे रोडचा रहिवासी:

भाचीला बाजार दाखवलात, मनापासून सांगतो, छान केलंत. पण तुम्ही दोन तासांत निघालात. माझा जन्म इथला आणि मी इथेच राहतो.

माझी आई 79 वर्षांची आहे. मांडीचं हाड मोडल्यापासून वॉकर घेऊन चालते. त्या वॉकरला वळायला अडीच फूट लागतात. मी टेप घेऊन मोजलंय. आमच्या फाटकापासून औषधांच्या दुकानापर्यंत एका बाजूला दुकानांनी बाहेर काढलेले स्टँड, दुसऱ्या बाजूला पथाऱ्या. मधे उरतात सव्वादोन फूट, तेही दुपारी. संध्याकाळी तर नुसता माणसांचा लोंढा. चौदा महिने झाले, आई खाली उतरलेली नाही. याच बाजारात तिने पन्नास वर्षं भाजी घेतली. आज बाजाराच्या मधोमध राहून ती बाजाराला मुकली आहे.

29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर 23 माणसं चेंगरून गेली. ती फेरीवाल्यांमुळे गेली असं मी म्हणणार नाही, पूल अरुंद होता आणि पाऊस कोसळत होता. पण नंतर 1 नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने स्टेशनपासून 150 मीटर, शाळा, रुग्णालयं आणि देवळांपासून 100 मीटरच्या आत बसायला मनाई केली. गर्दीतून सुटायला वाट हवी, एवढी साधी गोष्ट आहे ती.

आणि क्रॉफर्ड मार्केटचं तुम्हीच कौतुक करताय. शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाची ती मंडई 1869 मध्ये उभी राहिली, आता महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथे बाजार छपराखालीच आहे ना? त्याचा जीव गेला असं कुणी म्हणतं का? मग दादरची भाजी छपराखाली गेली तर काय बिघडेल?

भाजीवालीची लेक:

दोघांचंही वाचलं. माझी आई दादरला 26 वर्षं भाजी विकायची, म्हणून लिहिते.

डोंबिवलीहून पहिल्या गाडीने यायची, पहाटे टेम्पोवर माल घ्यायची आणि उजाडायच्या आत कोपऱ्यावर बसलेली असायची. तिच्या ताडपत्रीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या होत्या. "गाडी आली", म्हणजे पालिकेची माल उचलणारी गाडी, अशी हाक आली की चारही दोऱ्या एका मुठीत धरायच्या, एक हिसका द्यायचा आणि गाठोडं पाठीवर टाकून मागच्या गल्लीत पळायचं. तळाचे टोमॅटो दर वेळी फुटायचे. सात वर्षांची असताना मला ती गाठ मारता यायची, बुटाची नाडी बांधायला नंतर शिकले. गाठोडं हाताला लागलं नाही तर माल गेला, आणि तो सोडवायला जाणं म्हणजे आणखी एका दिवसाची कमाई गेली.

"इमारतीत बसवा" म्हणता तेव्हा माझा एकच प्रश्न असतो, कुणाला? 2014 च्या पथविक्रेता कायद्यात म्हटलंय की शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं. 2011 ची मुंबई सव्वा कोटीच्या जवळ धरली तर हा आकडा 3 लाखांवर जातो. 2014 च्या सर्वेक्षणात अर्ज आले सुमारे 99 हजार आणि पात्र ठरले 32 हजारांच्या आसपास. आई त्यात नव्हती. 26 वर्षं बसली, पण हातात दाखवायला एक कागद नव्हता. गाळे वाटले जातात तेव्हा ते कागदवाल्यांना मिळतात. तिच्यासारख्या पुन्हा रस्त्यावरच येतात, आणि मग तुम्ही म्हणता, गाळे देऊनही हे लोक हलत नाहीत.

दुकान क्रमांक सात:

मी दुकानदार. भाडं, वीजबिल, मालमत्ता कर, जीएसटी, दोन नोकरांचे पगार, सगळं भरून महिनाअखेर जे उरतं त्यावर घर चालतं. माझ्या दारातच माझाच माल पथारीवर कमी भावात विकला जातो. ताई, तुमच्या आईंबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण आज माझ्यासमोर बसतात त्यांत भाजीवाल्या फार थोड्या. सलग पाच पथाऱ्या एकाच माणसाच्या आहेत, त्यांवर मोबाईलची कव्हरं आणि पगारी मुलं. त्या मुलांचाही दोष नाही, गावाकडून पोटासाठीच आली आहेत. पण गरीब फेरीवाली म्हणून जी सहानुभूती मिळते, ती या पाच पथाऱ्यांच्या मालकाच्या खिशात जाते. ज्या बाईसाठी आपण भांडतोय, तिची जागा त्यानेच घेतली.

आणि रहिवासी साहेब, दुकानांचे स्टँड बाहेर येतात हे खरं आहे. मीही दोन वर्षं ठेवला होता. समोर पथारी लागली की दुकान दिसेनासं होतं, म्हणून आपण एक फूट पुढे जातो, मग पथारी आणखी एक फूट पुढे सरकते. गेल्या दिवाळीनंतर मी स्टँड आत घेतला. शेजारच्या कुणी घेतला नाही.

माहीमकर:

असहमत, पायपीट. तुम्हाला बाजार बघायला आवडतो म्हणून तो रस्त्यावर हवा, हे कारण होऊ शकत नाही. आधी चालायला जागा, मग सगळं.

पायपीट:

माहीमकर, बघायला आवडतो हे खरं. पण माझा मुद्दा विकणारी आणि घेणारी यांच्या वाटेचा आहे.

रहिवासी, तुमच्या आईंचं वाचून रात्री झोप लागली नाही. पुन्हा जाऊन त्याच पदपथावरून चाललो, या वेळी वॉकरचा विचार करत. तुमचं माप बरोबर आहे. मोकळी वाट असलीच पाहिजे, यावर माझं पहिलं लिखाण अपुरं होतं.

इमारतीला विरोध मात्र कायम. क्रॉफर्ड मार्केटला छप्पर येऊन दीडशेच्या वर वर्षं झाली. आज त्या इमारतीभोवती फिरून बघा, रस्त्यावरचा बाजार पुन्हा उभा आहेच, कारण स्टेशनकडे जाणारी माणसं बाहेरून जातात. आणि ताईंनी ज्या कायद्याचं नाव घेतलं, त्यातच विक्रेते आणि गिऱ्हाइकं परंपरेने जमतात त्या नैसर्गिक बाजारांची तरतूद आहे. तिथे 50 वर्षांहून जास्त काळ विक्री चालू असेल तर तो वारसा बाजार म्हणून घोषित करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असं त्यात लिहिलंय. रहिवाशांच्या आईंनी जिथे पन्नास वर्षं भाजी घेतली, त्या दादरला हे लागू व्हायला नको का? मोबाईलच्या कव्हरांच्या पाच पथाऱ्या यात बसत नाहीत, हे मला मान्य आहे. एका माणसाला एकच जागा, आणि तिथे त्याने किंवा घरच्यांनीच बसायचं.

रानडे रोडचा रहिवासी:

वारसा हा शब्द वाचून मला धाकधूकच वाटते. एकदा शिक्का बसला की आमची अडचणसुद्धा कायमची होईल. 150 मीटरच्या हद्दीचे पट्टे रंगवलेले मी पाहिलेत आणि त्यांच्या आत लागलेल्या पथाऱ्याही पाहिल्यात. कागदावर काय आहे याला आमच्याकडे किंमत उरलेली नाही.

बाजाराशी माझं वैर नाही. दसऱ्याच्या आदल्या रात्री पालघर, कसाऱ्याकडच्या आदिवासी बायका आमच्या फाटकापाशी भाताच्या लोंब्या, आंब्याचे टाळे आणि आपट्याची पानं घेऊन येतात आणि तिथेच उशाला भारा घेऊन झोपतात. वॉचमन त्यांच्यासाठी आवारातला नळ उघडा ठेवतो. आई पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून दोरीला टोपली बांधून खाली सोडते, त्यात पैसे असतात. वर येताना तोरण येतं. त्यांना उठवा असं आमच्या इमारतीत आजवर कुणी म्हटलेलं नाही.

मला सहा फूट मोकळे द्या, वर्षभर, सकाळ-संध्याकाळ. दुकानांचे स्टँड आत, पथाऱ्या एका रांगेत. मग तुमच्या वारसा बाजाराच्या अर्जावर पहिली सही माझी.

भाजीवालीची लेक:

दादा, सहा फूट सोडून आई आनंदाने बसली असती. पण तिची जागा रोज नव्याने धरायची होती. आज मागे सरकून बसलं तर उद्या पुढची जागा दुसरा घेणार आणि आपण गिऱ्हाइकाला दिसणारच नाही, ही भीती. म्हणून ती ताडपत्री रोज चार बोटं पुढे अंथरायची. मीच अंथरून द्यायचे, मला ठाऊक आहे. ही तुझीच जागा, उद्याही तुझीच, असं कुणी तिला लिहून दिलं असतं, तर त्या चार दोऱ्या तिने त्याच दिवशी कापून टाकल्या असत्या.